पिंजऱ्यातला राजा

आरोपीच्या पिंजऱ्यात कोणी उभं राहायचं, यावरून शेवटच्या तालमीत वाजलं.

“राजा सिंहासनावर बसतो, पिंजऱ्यात नाही,” राजाची भूमिका वाचणारा नट म्हणाला. “पोटच्या पोराला मारलं म्हणून काय झालं? पडदा पडेपर्यंत राजाच आहे तो.”

“पडदा नाहीये आपल्याकडे,” दिग्दर्शिका म्हणाली. “पहिल्या ओळीपासून तुम्ही तिथंच उभं राहायचं.”

नटानं कागद बाकावर आपटले. पण जाऊन उभा राहिला.

जुनं दगडी कोर्ट होतं ते. खटले कधीच नव्या इमारतीत गेले होते. इथं आता चित्रांची प्रदर्शनं भरत, अधूनमधून व्याख्यानं होत. दिग्दर्शिकेनं मात्र इथं एका प्राचीन शोकांतिकेचं वाचन ठेवलं होतं. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, नटांच्या हातात फक्त कागद. खून, रक्त, किंकाळ्या, सगळं शब्दांत.

याच खोलीत तिच्या वडिलांना शिक्षा झाली होती. मंडळींना ते ठाऊक होतं, तोंडावर कोणी बोलत नव्हतं. तिचा भाऊ तान्हा असताना बाबांनी त्याच्या तोंडावर उशी दाबली. ती तेव्हा आठ वर्षांची. बाबांनी पहिल्याच दिवशी गुन्हा कबूल केला. बाळंतपणापासून घरात कोणाला धड झोप नव्हती, आईची तब्येत नीट नव्हती, असं वकील सांगायला लागले, तेव्हा बाबा पिंजऱ्यातून ओरडले होते, “माझ्या बायकोचं नाव यात आणायचं नाही! मी केलंय, मी.”

नंतर आई दर महिन्याला तुरुंगाच्या दारात जाऊन बसायची. बाबा तिला एकदाही भेटले नाहीत. मावशी मुलीला घेऊन गेली की तेवढे बाहेर यायचे, अभ्यास कसा चाललाय विचारायचे आणि परत जायचे. आई झुरून झुरून गेली, तेव्हाही त्यांनी रजा मागितली नाही.

आता ते सुटून आले होते आणि लेकीनं त्यांना पहिल्या रांगेत बोलावलं होतं.

“मी काही त्याची बाजू घेणार नाही,” मावशी म्हणाली. “माझी बहीण खाल्ली त्यानं. पण असा चारचौघांत सूड उगवू नये गं. भोगलंय त्यानं.”

“सूड नाही, मावशी.”

“मग काय आहे?”

“तू नको येऊस.”

वाचन दुपारी होतं. उंच खिडक्यांतून ऊन आत येत होतं आणि बाक गच्च भरले होते. बाबा नव्या शर्टात आले. घड्या अजून मोडल्या नव्हत्या. नेमून दिलेल्या जागी बसले, हात मांडीवर.

पिंजऱ्यातून राजानं आपल्या मुलाचा खून वाचला. आवाज न चढवता, शब्द न् शब्द सुटा. मागच्या रांगेतली एक बाई उठून बाहेर गेली. बाबा हलले नाहीत. मग राणी आली. मेलेल्या मुलाला मांडीवर घेऊन ती राजाला विचारत राहिली, का, का, का. तेव्हा मात्र बाबांनी मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

टाळ्या झाल्या. लोक पांगले. बाहेर पडताना जो तो बाबांना वळसा घालून गेला. खोलीत दोघंच उरली, तेव्हा ती त्यांच्याशेजारी येऊन बसली.

“राजाचं काम छान झालं,” बाबा म्हणाले. “आवाज आहे त्याला.”

“तुम्हाला वाटलं असेल, मी तुमचे वाभाडे काढतेय.”

“काढ की. तुझा हक्क आहे.”

“तसं नाही, बाबा.” ती रिकाम्या पिंजऱ्याकडे बघत होती. “मला वाटलं, इथं हे सगळं मोठ्यानं वाचून झालं की माझंही तोंड उघडेल.”

बाबा तिच्याकडे वळले.

“बाळ रडायचं थांबत नव्हतं. शेजारीच आईचा कुठं जरा डोळा लागला होता. ती उठू नये म्हणून मी उशी ठेवली. दाबून धरली. मला एवढंच वाटलं, गप्प होईल. मग उशी तशीच ठेवून मी दारापाशी गेले, तेवढ्यात तुम्ही आलात. उशी उचललीत. दारात मी उभी होते. माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, ‘तू काही पाहिलं नाहीस. जा बाहेर.’ तेव्हाच मला कळलं, तुम्ही मला वाचवताय. आणि इतकी वर्षं मी चकार शब्द काढला नाही.”

बाबांनी उठण्यासाठी पुढच्या कठड्याला हात लावला.

“तू?”

“तुम्हाला माहीत होतं ना, बाबा?”

बाबांनी कठड्यावरचा हात काढून घेतला.

“मला वाटलं, तुझ्या आईनं.”