अखंड दिवा

"नवी बॅटरीसुद्धा चार दिवसांत बसली, अण्णा. कुणीतरी करणी केलीय," कदिरेसन म्हणाला. मी मीटर लावून जीपचे सगळे फ्यूज काढले, तरी काटा खाली येईना; वीज कुठेतरी जातच होती. म्हणजे थेट बॅटरीवरून कुणी वायर ओढली होती. ती डॅशबोर्डवरच्या मुरुगन देवाच्या मूर्तीपुढच्या लाल बल्बला जोडलेली निघाली. "हे शहाणपण कुणाचं?" "माझंच. बायकोच्या बाळंतपणासाठी अखंड दिव्याचा नवस होता." गेल्या महिन्यात तिला कळा आल्या तेव्हा जीप सुरूच झाली नाही. दवाखाना चाळीस किलोमीटर खाली. ती बाळासकट चहामळ्यातच गेली. "पुजारी म्हणाला, मी दिवा विझू दिला, म्हणून गेली. आता विझू देत नाही." "पुजाऱ्याला गाडीतलं काय कळतं? दिवाच बॅटरी खातोय. त्या दिवशीही यानंच खाल्ली," मी म्हणालो. तो मूर्तीकडे बघत राहिला. "महिनाभर मी याचीच माफी मागतोय. पक्कड दे."