देवमनची धोकटी

कंपवातानं देवमन न्हाव्याचा वस्तरा थरथरू लागला. “दूर ठेव देवमन्या, पोरीचं लगन व्हायचं हाय माह्या!” म्हणत दौलतरावांनी गळा झाकला, आणि त्यांच्यामागून साऱ्या गावानं.

अकोल्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. रंगूबाईनं, नवरा लवकर बरा व्हावा म्हणून, वैद्याची खाजकुयलीच्या बियांची भुकटीही दुधातून चालू ठेवली. थरथर गेली, पण मान डोलू लागली, हात वाऱ्यावरच्या वेलीसारखे हेलकावू लागले.

“देवी आली अंगात!” दौलतरावांनी पहिला नारळ फोडला.

“नारळ कायले फोडता मालक? मले दाढ्या करू द्या,” देवमन डोलत डोलत विनवायचा.

डॉक्टर रंगूबाईवर उखडले. “बाई, गोळीत जे आहे तेच या बियांत आहे. दुप्पट औषध जातंय त्याच्या पोटात!”

भुकटी बंद झाली, डोलणं थांबलं. देवमनचा हात बिनवाऱ्याच्या दिव्यासारखा स्थिर झाला. धोकटी उघडून, वस्तऱ्याला धार लावून तो पारावर बसला.



दाढी वाढलेले दौलतराव आले, त्याच्या पायावर डोकं ठेवून म्हणाले, “देवमन महाराज, तुमच्या हातून दाढी करून घेतली तं देवी कोपन ना!” आणि दाढी करायला रिसोडच्या एसटीत बसले.