रिकामं घर

शिंप्याने सकाळपासून स्वतःच्याच घरात धूळ पसरायचं काम चालवलं होतं. जिन्याखालची धूळ सुपलीत भरून आणायची आणि शिलाई मशीनवर, खुर्चीवर, खिडकीच्या कठड्यावर मूठमूठ भुरभुरायची. बायकोने या घरात कधी चिंधीचा कपटासुद्धा जमिनीवर टिकू दिला नव्हता. हे असले उद्योग करताना त्याला रडूच येत होतं.

"झकास," शेजारचा वकील दारातून म्हणाला. "आता इथे कुणी राहतंय असं वाटत नाही."

वकील हे त्याला गल्लीने दिलेलं नाव. नोकरीभर तो कोर्टाच्या कँटीनमध्ये गल्ल्यावर बसला होता, पण तेवढ्या भांडवलावर तो सगळ्या गल्लीला कायदा शिकवायचा. मन मात्र चांगलं होतं. शिंप्यासाठी साक्षीदार व्हायला तो आपणहून तयार झाला होता.

पूर आला तेव्हा शिंपी आणि त्याची बायको घरातच होती. घोटाभर पाणी आलं आणि दुसऱ्या दिवशी ओसरलं. दोघांनी फरशी पुसून घेतली आणि थोडक्यात निभावलं म्हणून सुटकेचा निःश्वास सोडला. नुकसान काही दिसतच नव्हतं, मग घराच्या विम्याचा दावा कसला करणार? पण मोठ्या कपाटामागची भिंत आतल्या आत पाणी पीत राहिली होती. काहीतरी कुजल्यासारखा वास येतो, असं बायको म्हणायची. तुझं नाक फार तिखट आहे, म्हणून तो ते हसण्यावारी न्यायचा. मग तिला खोकला सुरू झाला, दम लागू लागला आणि शेवटी हॉस्पिटलात न्यावं लागलं. तेव्हा कुठे त्याने कपाट ओढलं. भिंत खांद्यापर्यंत बुरशीने काळी पडली होती. बोट लावलं तर गिलावा हातात आला. कोपऱ्यातल्या फरशीखालची मातीही वाहून गेली होती.

भिंत नवी होईपर्यंत त्यांना या घरात आणू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून ती भावाकडे होती. भावजय आधी गोड बोलायची, आता भांडी आपटायला लागली होती. बायको फोनवर हळू आवाजात एकच सांगायची, "अहो, मला घरी न्या." विम्याचे पैसे आले तरच भिंत उभी राहणार होती, आणि भिंत उभी राहिली तरच ती घरी येणार होती.

विमा कंपनीला फोन केला, तर पलीकडचा माणूस म्हणाला की पुराला इतके महिने झाले, उशीर का केला ते आमच्या सर्व्हेअरला सांगा. शिंपी असूनही त्याने कधी गिऱ्हाइकाला खोटी तारीख दिली नव्हती. तो खरं तेच सांगणार होता. पण वकिलाने कपाळाला हात लावला.

"कपाटामागे दिसलं नाही, हे कोण ऐकून घेणार? पाणी डोळ्यांनी बघितलंस तर तेव्हाच का नाही कळवलंस, असं विचारतील. त्यापेक्षा तुम्ही इथे नव्हतातच. पुराच्या आधी दोन महिन्यांपासून घर बंद. आत्ता येऊन उघडलंत. बंद घरातलं कुणाला दिसणार?"

सर्व्हेअर बाई दुपारी आली. वयाने शिंप्याच्या मुलीसारखी, बोलायला मऊ. तिने भिंत ठोकून पाहिली, फोटो काढले, फरशीच्या फटीत पट्टी घातली. मग मशीनवरच्या धुळीतून बोट फिरवून ते बघत राहिली. शिंप्याला दरदरून घाम फुटला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई आली आणि दारातूनच परवा दिलेल्या कोटाची चौकशी करू लागली. वकील तीरासारखा धावला आणि तिला चुकीच्या घरी आलात म्हणत बाहेरच्या बाहेर घेऊन गेला. शिंपी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आता सगळं संपलं, असं त्याला वाटलं.

पण सर्व्हेअर बाईने त्याबद्दल काही विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "काका, पूर आला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मेव्हण्याकडे. दोघंही."

"अधूनमधून येऊन जात असाल ना? एखादी रात्र तरी?"

"नाही मॅडम. पुराच्या आधी दोन महिन्यांपासून कुलूपच होतं."

तिने पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. "नीट आठवून सांगा. एकदा सही झाली की मला काही बदलता येणार नाही."

ती आपल्याला पकडायला बघतेय, हे त्याला कळलं. त्याला बायकोचा खोल गेलेला आवाज आठवला आणि तो आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी डोळ्यांत बघून धडधडीत खोटं बोलला. "आठवायचं काय त्यात? इथे चिटपाखरूही नव्हतं."

त्याने जबाबावर सही केली. वकिलाने खाली साक्षीदाराची सही ठोकली आणि शिंप्याकडे बघून डोळे मिचकावले. शिंप्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. संध्याकाळी फोन करून बायकोला सामान बांधायला सांगायचं, असं त्याने ठरवूनही टाकलं.

बूट घालता घालता सर्व्हेअर बाई थांबली. "उशिराची तुम्ही उगाच धास्ती घेतलीत, काका. आतलं नुकसान उशिराच दिसतं, ते आम्ही धरतो. भिंत बघितल्यावर मी मंजूरच करणार होते."

"मग करा ना, मॅडम."

"कसं करू? घर महिनाभराहून जास्त रिकामं राहिलं की विमा लागूच होत नाही. म्हणून तर तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारलं." तिला खरंच वाईट वाटत होतं. "तेव्हा एक जरी माणूस इथे राहत असता ना, तर सगळे पैसे मिळाले असते."