दोन चौकटींचा तंटा

घंटा वाजली की आधी हालचाल करायची, विचार मागाहून. जगातल्या यच्चयावत आपत्ती विचार करत बसणाऱ्यांमुळेच मोठ्या झाल्या आहेत, असं सेफ्टीकाकांचं ठाम मत होतं. कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून बत्तीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं. त्या बत्तीस वर्षांत आग एकदाच लागली आणि त्या दिवशी काका रजेवर होते.

सकाळी अकराला घरातला टेबलावरचा कंप्युटर भोंग्यासारखा बोंबलू लागला. पडद्यावर लाल चौकट. चारशे बारा व्हायरस सापडले आहेत, कंप्युटर बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा. काकूंचा सुतारकामाच्या शब्दांचा कोश त्याच कंप्युटरमध्ये होता. चार वर्षांची मेहनत, दुसरी प्रत नाही. काकू वाचनालयात गेलेल्या. काकांनी विचार न करता फोन लावला.

पलीकडचा माणूस बोलायला मधाळ. त्याने एक प्रोग्रॅम उतरवून घ्यायला सांगितला, काकांनी घेतला. तेवढ्यात कोपऱ्यात एक पिवळी चौकट उगवली. हा प्रोग्रॅम धोकादायक आहे, असं तिचं म्हणणं. काका चक्रावले. लाल म्हणत होती, घरात चोर शिरलाय. पिवळी म्हणत होती, चोर तो हाच.

"सर, ती पिवळीच खरी व्हायरस," फोनवरचा म्हणाला. "तिथे 'परवानगी द्या' दाबा, गप्प बसेल."

पिवळं अँटिव्हायरस जावयाने बसवलेलं होतं. जावयाने बसवलेला नळही सहा महिने गळत होता. काकांनी परवानगी दिली.

मग माउसवर कुणाचा हात नसताना पडद्यावरचा बाण चालू लागला. चालत चालत काकूंच्या कोशावर जाऊन थांबला. हे सगळं किडलंय, आमची संरक्षण योजना घेतली नाहीत तर आत्ता पुसलं जाईल, असं त्याच मधाळ आवाजात सांगण्यात आलं.

"म्हणजे तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?" काकांनी विचारलं.

"सुरक्षेच्या, सर."

त्या बाजूचे तर काकाही होते. पडदा सांगत होता, बंद करू नका. कारखान्याचा पहिला नियम सांगत होता, घंटा वाजली की आधी मेन स्विच पाडा. सूचना आणि नियम अशी बत्तीस वर्षांत कधी समोरासमोर उभी राहिली नव्हती. अखेर नियम जिंकला. घरातला स्विच हाताच्या अंतरावर होता. पण नियमात 'इमारतीचा' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. काका बनियनवर चार जिने उतरले आणि मीटरच्या खोलीतला दांडा त्यांनी खाली ओढला.

अख्खी इमारत गप्प झाली. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर पेशंटचं तोंड तसंच उघडं ठेवून बाहेर आले. बाकीचे जिन्यात जमले. काकांनी आधी माणसं मोजली, मग जाहीर केलं की हल्ला परतवून लावलेला आहे. हल्ला कुणाचा, असं डॉक्टरांनी विचारलं. लालचा की पिवळीचा, याचा तपास चालू असल्याचं काकांनी सांगितलं. डॉक्टरांनी हातातला चिमटा खिशात ठेवला.

एवढ्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमधून काकूंचा आवाज आला.

"अहो, माझा कोश आहे ना?"

"असणार बहुतेक," काका वर बघत म्हणाले. "चोराला बाहेर काढलंय. फक्त दोघांतला चोर कोण, तेवढं कळत नाहीये."

"कळेल सावकाश," काकू म्हणाल्या. "तोवर मलाही बाहेर काढता का?"