दहापैकी किती

सकाळी नऊ वाजता दिंडोशीच्या घरात सुंदराबाई "शून्य" म्हणाल्या आणि अनुपमाला महिन्याभरात पहिल्यांदा हसू फुटलं.

आईचा कॅन्सर मणक्यात आणि खुब्यात उतरल्यावर, घरी येणाऱ्या नर्सने अनुपमाला एक काम लावून दिलं होतं. दुखणं दहापैकी किती, हे रोज विचारायचं. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. आकडा फोनवर कळवला की डॉक्टर मॉर्फिनच्या गोळ्या ठरवत. पण सकाळी सकाळी आईपुढे 'दुखणं' हा शब्द काढणं अनुपमाच्या जिवावर यायचं. ती एवढंच विचारायची, "आई, आज दहापैकी किती?" सुरुवातीला सहा आले, मग चार, मग दोन. डॉक्टरांनी गोळ्या दोनदा कमी केल्या. आई कण्हत नव्हती. ती कधीच कण्हली नव्हती.

"शून्य! झकास ना गं आई!"

म्युनिसिपल शाळेत बत्तीस वर्षं पेपर तपासलेल्या सुंदराबाईंनी लेकीकडे रागाने पाहिलं.

"झकास काय त्यात? भोपळा मिळालाय मला. पहिल्या दिवशी तब्येतीला सहा तरी दिले होते मी. आता रात्रभर हाडं करवतीने कापल्यासारखी होतात, कुठून देऊ मार्क?"

अनुपमाने नर्सला फोन लावला. नऊ वाजून वीस मिनिटांपर्यंत चार वेळा लावला. पलीकडे नुसती रिंग जात होती.