नवऱ्याशेजारची जागा

पाथरवटानं छिन्नी टेकवली आणि म्हातारी पुढं सरसावली. नवऱ्याच्या थडग्यावर, त्याच्या नावाखाली, लेक तिचंही नाव आगाऊच कोरून घेत होता. "थांबा!" ती ओरडली. "मला इथं पुरू नका. पलीकडे भिंतीपाशी जागा घ्या." "आई, लोक शेण घालतील तोंडात," लेक कुजबुजला. "शेवटच्या दिवशी मेलेले हाडामांसासकट उठणार, मानतोस ना?" "मानतो की." "मग तुझ्या बापाचे हातही उठतील." हातोडा हवेतच राहिला. लहानपणी बंद दाराआडून ऐकलेले फटके लेकाच्या कानांत घुमले. त्याबद्दल मायलेकांनी आजवर अवाक्षर काढलं नव्हतं. तो चाचरत म्हणाला, "देव माणसाला नवं करून उठवतो. बाबाही बदललेले असतील." म्हातारीनं त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. "बदलला असेल, तर येईल की भिंतीपर्यंत चालत, माफी मागायला!" लेकानं पाथरवटाच्या हातातली छिन्नी हळूच काढून घेतली.