ओट्याएवढी जागा

डोंगरदऱ्या तुडवायची धिप्पाड गाडी थोरल्याने घेतली, पण मॉलच्या पार्किंगपलीकडे ती आजवर काही चढली नव्हती. तिचा एक उपयोग मात्र झाला. बाबांकडे न जायला त्याला हुकमी कारण मिळालं.

"गाडी मोठी आहे हो, बाबा. तुमच्या गल्लीत ओट्याला घासेल," तो दर वेळी फोनवर म्हणायचा. खरं तर हक्काची सुट्टी बाबांच्या त्याच त्या गोष्टी ऐकण्यात घालवणं त्याच्या जिवावर यायचं.

मग एक दिवस बाबांचाच फोन आला. "आता खुशाल ये. अडचण काढून टाकली."

आता नाही म्हणायला तोंडच उरलं नाही. आरसे मिटून, श्वास रोखून त्याने गाडी गल्लीत घातली. दारापुढचा ओटा मुळासकट उखडला होता. त्याच ओट्यावर रोज संध्याकाळी बाबांच्या दोस्तांचा अड्डा जमायचा.

"तुमची मंडळी आता बसतात कुठे?"

"येत नाहीत कुणी. म्हातारी माणसं, उभ्याउभ्या किती बोलणार? ते जाऊ दे. तू आलास ना!" बाबांनी बॉनेटवरून कौतुकाने हात फिरवला.

थोरल्याने खाली उतरून पाहिलं. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये अख्खा ओटा मावला असता, वर बसलेल्या मंडळींसकट.

"ओट्याचीच अडचण होती ना रे?" बाबांनी विचारलं.

"हो, बाबा," तो म्हणाला. "ओट्याचीच."